गुनवोरचे दात आणि मी

मी एक कॉर्नेट बोलतोय. तुतारीच्याच घराण्यातला, पण अंगाने आखूड आणि गुबगुबीत. माझा आवाज गोड आहे असं लोक म्हणतात आणि मीही नाही म्हणत नाही. पण सध्या माझ्या पितळी पोटात सारखा भीतीचा गोळा येतोय. का, ते ऐका.

कारखान्यात मला ठोकलं, वाकवलं, घासूनपुसून चकचकीत केलं आणि नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका दुकानात काचेमागे आणून बसवलं. तिथे पंधरा वर्षांची गुनवोर काचेला नाक लावून उभी राहायची. तिचे पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले होते, बसमध्ये जागा न मिळाल्यासारखे. नुकतंच तिचं कन्फर्मेशन, म्हणजे पंधराव्या वर्षी चर्चमध्ये होणारा दीक्षेचा सोहळा, पार पडलं होतं. त्या दिवशी नातेवाईक पैशांची पाकिटं देतात आणि मुलं वर्षभर त्या पाकिटांकडे डोळे लावून बसलेली असतात.

तिचे वडील ओड्डवार मासळीच्या कारखान्यात कामाला होते. ते तिला दुकानातच म्हणाले, "हे बघ पोरी, दातांना तार तरी लावून घे, नाहीतर हा बाजा घे. तारेचे बरेचसे पैसे सरकार देतं, पण उरलेले आपल्याच बोडक्यावर. दोन्ही झेपायचं नाही."

"बाजा," गुनवोर म्हणाली.

"नीट विचार कर. तोंड जन्माचं असतं."

"बाजाही जन्माचाच आहे, बाबा."

असा मी तिच्या घरी आलो. तिच्या दातांच्या वाटचे पैसे खाऊन आलो, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

आमचं मात्र छान जमलं. त्या वाकड्या दातांपुढे तिच्या ओठाला एक लहानशी खळगी पडायची आणि माझं तोंड नेमकं तिथे बसायचं. गावच्या बँडमध्ये आमचा सूर ओळखू यायचा. हसताना ती तोंडावर हात धरायची, आणि फोटो काढताना तर मलाच ओठांशी धरायची. माझी मिरवणूक आणि तिची लपवणूक एकदमच व्हायची.

चव्वेचाळिशीत तिचा जबडा ठणकायला लागला. एकदा सरावाला जाता जाता ती दंतवैद्य बाईंकडे गेली, म्हणून पेटीत बसून मला सगळं ऐकू आलं.

"दाढा झिजल्यात," बाई म्हणाल्या. "आता तार लावलीच पाहिजे. साठ हजार क्रोनरच्या आसपास जाईल."

"साठ? सरकार काही देत नाही?"

"विशीच्या आत आली असतीस तर दिलं असतं. आता सगळं तुझ्याच खिशातून."

गुनवोर म्हणाली, "विशीच्या आत मी शहाणी असते तर आणखी काय हवं होतं!"

आणि तिने पेटीवर हात ठेवला. त्या हाताचा मला कधी नव्हे तो धसका बसला. दुसऱ्याच दिवशी तिने खिडकीच्या उजेडात माझे फोटो काढले. विकायच्या वस्तूचे फोटो कसे काढतात हे मला न सांगता समजलं. चार परके लोक येतील, माझे पोचे तपासतील, घासाघीस करतील, या विचाराने माझ्या कळा अडकायला लागल्या.

पण जाहिरात बँडमधल्या तोरब्यर्गच्या नजरेस पडली. तोरब्यर्ग ट्युबा वाजवते आणि बोलतेही तशीच. सरावाच्या सुट्टीत वॅफल खाता खाता तिने सगळ्यांसमोर तोफ डागली, "काय गं, आपला कॉर्नेट बाहेरच्याला विकतेस? आम्ही काय मेलो?"

"मला दान नकोय," गुनवोर लाल होऊन म्हणाली.

"दान कोण देतंय? हा बँड तो विकत घेतोय, रोख. हिवाळाभर दारोदार टॉयलेट पेपर विकलाय, तो काय पैसे कपाटात कुजवायला?"

बँड वाद्यं अशाच कमाईतून घेतो आणि वाजवणाऱ्याला वापरायला देतो. मी गावातच राहिलो. पण तार लागल्यावर गुनवोरला वाजवता येईना. ओठ कापायचे. म्हणून मला आर्नफिनच्या हाती दिलं, आणि तिच्या गळ्यात मोठा ढोल आला. फेरीबोटीवरून निवृत्त झालेला आर्नफिन माणूस भला आहे, पण फुंकतो बोटीच्या भोंग्यासारखा.

परवा सतरा मेला, राष्ट्रीय दिनाला, सकाळी आमची मिरवणूक वृद्धाश्रमापुढे थांबली. ओड्डवार चाकाच्या खुर्चीत, हातात झेंडा घेऊन बसले होते.

"हे काय? ढोल? बाजा कुठाय?"

"आर्नफिनकडे आहे, बाबा. मी दात सरळ करून घेतेय." तिने ओठ जरा उघडून दाखवले.

"किती पडले?"

तिने वाकून कानात सांगितलं.

"अबब! एवढ्यात बोट आली असती की!" मग त्यांनी झेंडा मांडीवर आडवा ठेवला. "तेव्हाच मी कसंही करून..."

"असू दे, बाबा."

"मग हस तरी आता. एवढे पैसे घातलेस ते काय तोंड मिटून बसायला?"

गुनवोर हसली. तोंडावर हात न धरता, तारेसकट. इतक्या वर्षांत ते हसू मी पहिल्यांदाच उघडं पाहिलं, आणि मला खूप आनंद झाला.

मिरवणूक संपल्यावर आर्नफिनने मला तिच्याकडे पुसायला दिलं. तिने मला सवयीने ओठांना लावलं आणि "स्स" करून लगेच खाली घेतलं. तेव्हापासून हा गोळा आहे.

दोन वर्षांनी तार निघेल. जबडा ठणकायचा थांबेल, थांबायलाच हवा. पण दात सरळ झाले की ती खळगीही जाईल. आमचा सूर तिथेच तर राहायचा. मग मी नेमकं कुठे टेकायचं?

गुनवोर, मी तुझ्या नव्या तोंडाला परका वाटेन. पहिला सूर फाटकाच निघेल. तेव्हा दातांना बोल लावू नकोस, खुशाल मला लाव. फक्त मला पेटीत परत ठेवू नकोस. पुन्हा एकदा फुंक.