सोन्याचे ठिपके

"हा कचरा आहे, ताई. तुमच्या हाताचा." सरांनी काळ्या ठिपक्यांचा, सूक्ष्मदर्शकातून घेतलेला फोटो टेबलावर टाकला.

ताई एकोणीस वर्षं या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यासाठी पेशींचे काप काढत होत्या. केसाच्या हजाराव्या हिश्श्याइतका पातळ काप पाण्यावर तरंगला की तांब्याच्या चिमुकल्या जाळीवर अलगद उचलायचा, तोही श्वास रोखून. आणि म्हणे कचरा! ताईंच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

भांडण होतं आतड्यातल्या एका परजीवीवरून. एका पेशीचा हा जीव प्राणवायूशिवाय मजेत जगतो. आपल्या पेशींना ऊर्जा पुरवतात ते मायटोकाँड्रिया, म्हणजे कोणे एके काळी पाहुणे म्हणून शिरलेले आणि कायमचे राहिलेले जिवाणू. हा परजीवी ते पाहुणे येण्याआधीचा, असं सरांच्या गुरूंनी मांडलं होतं, आणि ते सिद्ध करण्यात सरांची उभी हयात गेली होती. आता ताईंच्या कापात दुहेरी पडद्याच्या इवल्या पिशव्या दिसत होत्या. मायटोकाँड्रियाचं प्रथिन ओळखून त्याला चिकटणारी अँटीबॉडी घातली, आणि मग त्या अँटीबॉडीला धरणारे सोन्याचे कण सोडले, की ते फोटोत काळे ठिपके होऊन नेमके त्या पिशव्यांवरच बसत होते. म्हणजे पाहुणे आले होते. आकसून का होईना, अजून घरातच होते.

"कचरा असता तर कुठेही पडला असता," ताई म्हणाल्या. "हा बरा शहाणा, पिशवी शोधून बसतो!"

"वाद नको. डोळे थकलेत तुमचे. पुढच्या महिन्यापासून भांडारात बसा."

बाटल्या मोजत निवृत्त व्हायचं? पण त्या बधल्या नाहीत.

"खुशाल बसवा. त्याआधी एक करा. मी दहा जाळ्या देते. पाचांवर अँटीबॉडी घाला, पाचांवर घालू नका. सोनं सगळ्यांवर. कचरा असेल तर दहाही सारख्याच दिसतील. कोणती कुठली, ते तुमच्या खिशात ठेवा. मी नुसतं बघून सांगते. एक जरी चुकली, तर त्याच दिवशी भांडाराची किल्ली घेते."

पुढचे तीन दिवस त्यांना घरदार सुचलं नाही. "अगं, दूध उतू गेलं!" नवरा ओरडला, तर म्हणाल्या, "जाऊ दे, पुसून घ्या."

चौथ्या दिवशी त्यांनी यादी सरांपुढे ठेवली. सरांनी खिशातला कागद काढला, ताडून पाहिला. पुन्हा पाहिला.

"दहाच्या दहा," ते म्हणाले, आणि एकदम म्हातारे दिसले. ताईंना हसू फुटणार होतं, त्याऐवजी गलबलून आलं.

सरांनी गुरूंना फोन लावला. गुरूंना कमी ऐकू यायचं, त्यामुळे दोघांचंही बोलणं खोलीभर ऐकू येत होतं.

"सर, आपलं चुकलं. या परजीवीतही आहेत मायटोकाँड्रिया."

ताई बाहेर जायला उठल्या. सरांनी हातानेच बसा म्हणून खुणावलं.

"अरे, कापातला कचरा असेल. नीट बघ."

"नाही सर. काप आमच्या ताईंनी काढलेत."

"मग पहिल्यापासून सांग," पलीकडून आवाज आला. सरांनी ताईंची यादी पुढे ओढली, आणि ताईही खुर्चीतून हलल्या नाहीत.