प्रवचन थांबवणारी अराबा

समुद्रकाठच्या सॉल्टपाँड गावातल्या चर्चमध्ये पाद्रीबुवा ऐन रंगात आले की त्यांना थांबवण्याचा मान बायकांचा. बोलणं काळजाला भिडलं की बाकावरची एखादी बाई उठते, त्याच बोलण्यातला धागा उचलते आणि उभ्या उभ्या गाणं रचून म्हणते. बाकीच्या मागून सूर ओढतात. पाद्रीबुवा हात जोडून उभे राहतात आणि गाणं ओसरलं की पुढे बोलू लागतात. कुणाची पाळी ठरलेली नसते, शब्दही ठरलेले नसतात. गाण्याशिवायचं प्रवचन म्हणजे तिथल्या माणसांना अळणी जेवण. आणि त्यात मीठ घालणाऱ्यांत अराबा आकॉनचा हात सगळ्यांत सढळ.

हीच अराबा सोमवारी दवाखान्यात गेली की तिचा आवाज कुठे जायचा, देव जाणे. बाळंतपणाच्या वॉर्डात तिनं अर्धं आयुष्य काढलेलं. गावातली निम्मी पोरं तिच्याच हातांत पहिल्यांदा रडली. आता वॉर्डाच्या मोठ्या सिस्टर निवृत्त होणार होत्या. ज्यांना ती जागा हवी असेल त्यांनी पुढच्या शुक्रवारपर्यंत आपलं नाव येऊन सांगावं, असं मेट्रनबाईंनी सगळ्यांना कळवलं होतं.

अराबाला ती जागा हवी होती. भांडी घासताना ती मनातल्या मनात वॉर्डातल्या खाटा हलवून उजेडाकडे लावायची, बाळंतिणींच्या सासवांना बसायला बाक टाकायची. पण अशा गोष्टी आपल्या तोंडानं मागायच्या नसतात, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं. काम दिसतं, मग बोलावणं येतं. आपण वाट पाहायची.

जेवणाच्या सुट्टीत अद्ववा तिच्याजवळ आली. अद्ववा वयानं लहान, अंगात चटपटीतपणा, आणि अराबाच्याच हाताखाली शिकलेली. तिनं सरळ विचारलं, "आंटी, तुम्ही नाव देणार का? देणार असाल तर मला आधी सांगा."

"छे गं," अराबा म्हणाली. "मला कशाला आता ती कटकट? तू दे."

बोलून गेली, आणि दिवसभर हातातलं काम तिला गोड लागेना.

घरी कोबिनानं, तिच्या नवऱ्यानं, ओळखलंच. तो शिंपी, समोरच्याचा खांदा उतरलेला त्याला लगेच कळायचा. सगळं ऐकून घेतल्यावर मशीन थांबवून म्हणाला, "पाद्रीबुवांच्या तोंडचा शब्द काढून घेतेस, आणि मेट्रनबाईंपुढे स्वतःचं नाव घ्यायला तुझी जीभ टाळ्याला चिकटते होय?"

तिथं मी देवासाठी गाते, अराबा म्हणाली. हे तर स्वतःसाठी मागायचं.  कोबिनानं दोरा दातानं तोडला आणि तिच्या ताटात मासळीचा मोठा तुकडा वाढला.

रविवारी पाद्रीबुवा एदुफुल दर्यावरच्या एका कोळ्याची गोष्ट सांगत होते. त्याला देवानं सुरेख जाळं दिलं होतं. फाटेल या भीतीनं त्यानं ते भिंतीवर टांगून ठेवलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत बसला. पाद्रीबुवांचा आवाज चढला, श्वास घ्यायला ते क्षणभर थांबले, आणि अराबा कधी उठली तिचं तिलाच कळलं नाही.

"जाळं भिंतीवर वाळतंय, देवा," तिनं सुरू केलं.

"वाळतंय," बायका मागून म्हणाल्या.

"मासे दर्यात पोहतायत, देवा."

"पोहतायत."

तिसरी ओळ तिच्या ओठांवर आली, आणि ते जाळं आपलंच आहे हे ध्यानात येऊन ती थांबली. बायकांनी मात्र गाणं खाली पडू दिलं नाही. "वाळतंय, वाळतंय," करत त्या झुलत राहिल्या, एकीनं पुढची ओळ धरली, आणि अराबा डोळे पुशीत त्यांच्यात मिसळून गेली. देवाची कृपा अशीच असते, गाणारी थांबली तरी गाणं चालू राहतं.

बाहेर पायरीवर मामे एसुऑननं तिचा हात धरला. चर्चमधली सगळ्यांत म्हातारी गाणारी हीच, म्हणून सगळ्यांची मामे, म्हणजे आई. तिच्यापुढे काही लपवायची सोय नव्हती. अराबानं जागेची, अद्ववाची, बोलावण्याची सगळी हकीकत सांगितली.

 म्हातारी म्हणाली, "बोलावणं यायचं राहिलं म्हणतेस. अगं, ती पोर आली होती ना तुला विचारायला? आणखी कुणाला पाठवायचं देवानं, पाद्रीबुवांना?"

"मागायची लाज वाटली, मामे."

"हवं असून नको म्हणालीस, त्याची नाही का वाटली? ते खोटं बोलणं झालं, बाळ. जा आणि आधी त्या पोरीजवळ ते निस्तर."

सोमवारी अराबानं अद्ववाला कपड्यांच्या खोलीत गाठलं. चादरींच्या घड्या घालता घालता सांगून टाकलं, की मी तुझ्याशी खोटं बोलले, मला ती जागा हवी आहे आणि मी नाव देणार आहे.

अद्ववा चादर छातीशी धरून उभी राहिली. चेहरा थोडा उतरला, उतरणारच. मग म्हणाली, "आंटी, मी मात्र माझं नाव मागे घेणार नाही हं."

"घेऊ नकोस. घेतलंस तर मी तुझ्याशी बोलणार नाही."

दोघी हसल्या आणि उरलेल्या चादरींच्या घड्या दोघींनी मिळून घातल्या.

मेट्रनबाईंच्या खोलीत पंखा गरगरत होता. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "अराबा? तू? मला वाटलं होतं, तुला हे असलं काही नकोच असतं." मग खुर्चीकडे बोट करून विचारलं, "का हवी आहे तुला ही जागा?"

अराबा बसली. हात तिनं मांडीवर एकमेकांत गुंफले. बाळंतिणींसाठी, वॉर्डासाठी, देवासाठी, अशी सगळी नम्र उत्तरं जिभेवर रांगेत उभी होती. ती तिनं बाजूला सारली.

"मला ते काम चांगलं करता येईल," ती म्हणाली. इथवर सोपं होतं. पुढचं तिनं मेट्रनबाईंच्या डोळ्यांत पाहून सांगितलं.

"आणि मला ते करायचंय, बाई. माझ्यासाठी."

मेट्रनबाईंनी मान हलवली आणि अद्ववाच्या नावाखाली तिचं नाव लिहून घेतलं. मुलाखत पुढच्या आठवड्यात गुरुवारी, म्हणाल्या. अराबा बाहेर आली. व्हरांड्याच्या टोकाशी अद्ववा केंकेचा, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या पिठाचा, पानात उकडलेला उंडा सोलत बसली होती; तिनं सरकून जागा केली आणि अर्धा पुढे केला.