ओंडक्यावरचे राखाडी मणी

"अजून खाली बसा, सर. उभ्यानं दिसत नाही ते," देवाजी म्हणाला.

डॉ. वैरागडे गुडघे धरत कुजलेल्या सागाच्या पानांवर टेकले. वय पासष्ट, दोन्ही गुडघ्यांना पट्टे. सेमिनरी हिल्सच्या उतारावर सकाळपासून पाऊस थांबून थांबून येत होता आणि देवाजी त्यांच्या डोक्यावर छत्री धरून उभा होता. आज तिसरा दिवस. ज्याच्यासाठी सर तिथे रांगत होते ते तिथे नव्हतं, कधीच नव्हतं, हे देवाजीला पक्कं ठाऊक होतं.

शहरातल्या एका कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागात देवाजीने निवृत्तीपर्यंत एकतीस वर्षं परिचर म्हणून काढली. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी ओल्या सालीच्या एका काचेच्या डबीत त्याला पिवळी जाळी पसरलेली दिसली. तिच्या कडेला त्याने पेनाने खूण केली. संध्याकाळी जाळी खुणेच्या पुढे गेलेली होती. ती चालत होती. मुलं तिला श्लेष्मबुरशी म्हणत, पण ती बुरशी नाही, झाड नाही आणि जनावरही नाही, हे देवाजीला बघून बघूनच कळलं. ओल असेतो सरपटत जिवाणू खायचे. मग बारीक देठ उभे करून त्यांच्या टोकांवर बीजाणूंच्या डब्या धरायच्या आणि वाऱ्याची वाट बघायची. एकदम कोरडं पडलं तर खपलीसारखं आकसून महिनोन्‌महिने पडून राहायचं. पाण्याचे चार थेंब पडले की पुन्हा चालू लागायचं. देवाजीने स्वतःचं भिंग घेतलं. रविवारी तो साली गोळा करत हिंडू लागला. कुठली गुलाबी गोळ्यांची, कुठली तपकिरी ब्रशासारखी, हे तो लांबून ओळखायचा. विभागातल्या दोनशे डब्यांवर त्याच्याच अक्षरातल्या चिठ्ठ्या होत्या.

चौदा वर्षांपूर्वी घराजवळ, कळमन्याच्या बाजाराच्या मागच्या भिंतीला टेकून पडलेल्या शिरिषाच्या ओंडक्यावर त्याला राखाडी मणी सापडले. लाल, जरा पिळलेले देठ, आत पांढऱ्या धाग्यांची जाळी. असलं एकही चित्र पुस्तकात नव्हतं. त्याने डबी विभागातल्याच वैरागडे सरांना नेऊन दिली. कुठे सापडलं, हे सरांनी विचारलंच नाही.

दोन वर्षांनी नवी जात म्हणून ती जगापुढे आली. शास्त्रीय नावाचा उत्तरार्ध सरांच्या वडिलांच्या नावावरून. गोळा करणारे स्वतः सर, ठिकाण सेमिनरी हिल्स. डबीवरची चिठ्ठीही बदललेली होती. कॉलेजात सत्कार झाला. आज आपलंही नाव घेतील, असं देवाजीने बायकोला, भीमाबाईला सांगून ठेवलं होतं. ती नवं लुगडं नेसून शेवटच्या रांगेत बसली. एका पत्रकाराने देवाजीकडे बोट करून हे कोण म्हणून विचारलं, तेव्हा सर हसले. "हा आमचा देवाजी. बाटल्या फार स्वच्छ धुतो. बाकी याला यातलं काही कळत नाही."

घरी परतताना भीमाबाई ऑटोत एक शब्द बोलली नाही. स्वतःचा अपमान देवाजीने कदाचित गिळलाही असता. तिचं ते गप्प बसणं मात्र त्याने जपून ठेवलं.

आता पुण्याहून संशोधक डॉ. मयुरा येणार होत्या. त्यांना ही जात पुन्हा तपासायची होती, आणि कपाटातल्या डबीतला नमुना किडे खाऊन गेले होते. नुसते देठ उरलेले. सर गाडी घेऊन देवाजीच्या घरी आले, चहा प्यायले, नवा नमुना शोधायला चल म्हणाले. देवाजी लगेच हो म्हणाला.

ते गेल्यावर भीमाबाईने विचारलं होतं, "सांगून काहून टाकत नाही जी? आता तुमचं बी नाव होईन."

"माह्यं तवाच व्हायचं होतं. आता त्यायचं बी नाव जाऊ दे."

"देवाजी, हेच ना?" उतारावर पानांत रांगत सरांनी विचारलं. चिखलाने माखलेल्या बोटाने ते एका फांदीवरच्या गुलाबी गोळ्या दाखवत होते.

पहिल्या वर्षाच्या पोरांनाही माहीत असलेली जात. ज्याच्यावर या माणसाने बापाचं नाव कोरलं, ते याला ओळखताही येत नव्हतं.

"नाही सर. हे इथं दरसाल येते."

सरांनी ती फांदी सोडून दिली. मग खाली बघतच म्हणाले, "खरं सांग. तुला ते कुठं मिळालं होतं?"

चौदा वर्षांत पहिल्यांदा. देवाजीने छत्री या हातातून त्या हातात घेतली.

"कागदावर तं तुमी गोळा केलं असं हाये, सर. मले कसं माहीत असन?"

दुसऱ्या दिवशी डॉ. मयुरा विभागात आल्या. सरांनी देवाजीलाही बोलावून घेतलं होतं. बाईंनी कपाट उघडून एकेक डबी बघितली आणि चिठ्ठ्यांवरचं हे अक्षर कुणाचं म्हणून विचारलं. देवाजीने आपलं म्हणून सांगितलं.

"मग ही डबीसुद्धा तुम्हीच आणलीत का, काका?"

सरांनी मान वर केली. त्या नजरेत नकार नव्हता, आर्जव होतं. देवाजी एक शब्द बोलला असता तर कळमन्याचा ओंडका, ते नाव, त्याचं स्वतःचं नाव, सगळंच वाचलं असतं. सरही वाचले असते.

"त्या डबीवर माह्यं अक्षर नाही, मॅडम," देवाजी म्हणाला. "मी बाटल्या धुवत होतो. मले यातलं काही कळत नाही."

सरांनी चष्मा काढला आणि तो पुसत बसले.

दिवाळीनंतर विभागातून निरोप आला. ती जात आता शंकास्पद ठरली होती. सांगितलेल्या जागी नाही, नमुना नाही, दुसऱ्या कुणी पाहिलेली नाही. निवृत्तीनंतरही रोज येणाऱ्या सरांनी कॉलेजात येणं सोडल्याचंही कळलं. देवाजीने त्या दिवशी पाव किलो जिलेबी आणली. तो पोटभर जेवला. भीमाबाईने तिच्या वाट्याची झाकून ठेवली, ती दुसऱ्या दिवशी मुंग्यांनी खाल्ली.

पुढच्या श्रावणात तो भिंग घेऊन बाजाराच्या मागे गेला. ओंडका अर्धा माती झाला होता. वाकून त्याने खालची बाजू पाहिली. लाल देठांवर शेकडो राखाडी मणी उभे होते, इतके त्याने कधीच पाहिले नव्हते.

सडके टमाटे वेचणारी एक बाई जवळ येऊन थांबली. "काय हाये जी थे?"

देवाजीने सांगायला तोंड उघडलं. सांगायला नाव उरलं नव्हतं.

"काही नाही, बाई."

ती निघून गेली. तो तसाच वाकून राहिला. त्याच्या श्वासाने एका फुटलेल्या मण्यातून तपकिरी धूळ उठली आणि ओल्या हवेत दिसेनाशी झाली.