पान उतरेना

माग न थांबवता नक्षी बदलायचा प्रोग्राम माझ्या लेकीने लिहिला होता. नक्षी म्हणजे एक वेगळा तुकडा. चालू प्रोग्रामने तो हवा तेव्हा जोडायचा, नको तेव्हा सोडायचा. ही प्रोग्राम लिहिणारी मंडळी त्याला लायब्ररी म्हणतात. अकरा वाजता कारखान्याचे मालक बघायला येणार होते. जमलं तर कारखान्यातले बाराही माग तिच्या हाती, नाहीतर गाशा गुंडाळा.

दहा वाजता तिने पानाची नक्षी सोडून पाखराची जोडली. मागावर पुन्हा पानच!

"सोडलं ना तुला! जा की!" ती पडद्यावर खेकसली.

"हाकल जबरदस्तीने."

"मघाशी तेच केलं, बाबा. अख्खा प्रोग्राम कोसळला. चाळीस धागे तुटले."

म्हणजे आत कुणीतरी होतं! मी याच कारखान्याच्या फाटकावर तीस वर्षं काढली. अक्षरओळख लेकीने पुढे करून दिली; तेव्हा नव्हती, म्हणून नोंदवहीऐवजी बिल्ले होते. आत जाणाऱ्याने बिल्ला न्यायचा, बाहेर पडताना खिळ्यावर टांगायचा. एक खिळा रिकामा दिसला तरी मी कुलूप लावत नसे.

"तुझा प्रोग्राम कुलूप कधी लावतो?"

"ज्यांनी ज्यांनी जोडलंय त्या सगळ्यांनी सोडल्यावर. तोवर जुनी नक्षी मेमरीतच. नवीच्या फाइलचं नावही तेच, म्हणून मागितली की जुनीच हातात..." ती थबकली.

"मग बघ, बिल्ला कुणाकडे राहिलाय."

जोडणाऱ्याचं आणि सोडणाऱ्याचं नाव पडद्यावर उमटेल अशा दोन ओळी तिने घातल्या. पुन्हा सुरू केलं. मी बोट ठेवून वाचलं : जोडलं, माग. जोडलं, राखणदार. सोडलं, माग.

"हा राखणदार कोण?"

"धागा तुटला की ओरडणारा! मीच लिहिलाय. नक्षी कळावी म्हणून त्यानेही पान जोडलंय, आणि तो थांबतच नाही, तर सोडणार कधी?"

"आणि मघाशी तू त्याच्या पायाखालची फरशीच ओढलीस!"

ती टाइप करत सुटली. आधी राखणदाराला थांबवायचं, त्याने सोडलं की मागाने सोडायचं, मग पाखरू जोडायचं, मग राखणदार पुन्हा उभा.

"पण बाबा, तेवढा वेळ धाग्यांकडे कोण बघणार?"

"मी काय मेलोय?"

दार उघडलं. मालक. तिने कळ दाबली. सोडलं, राखणदार. सोडलं, माग. माझी नजर धाग्यांवर, हात थांबवायच्या दांड्यावर. माग धडधडत होता. एक ओळ, दोन ओळी, आणि पानाच्या टोकापुढे लाल चोच!

"चोच आली गं!" मी ओरडलो.

मालक दचकले. "हे इथे काय करतायत?"

"बदली राखणदार," लेक म्हणाली. "उरलेले अकरा कधी जोडू?"