कपाटातला साहेब

शनिवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी लवू शिवलकर यांना पूर्णगडहून रत्नागिरीच्या एका रुग्णालयात आणलं. वय ब्याऐंशी. अर्धांगाचा झटका. शुद्ध होती, वाचा गेली होती.

साडेसहाला रत्नागिरीतच त्यांची मुलगी दमयंती हिने बसवलेल्या ‘कपाटातला साहेब’ या फार्सचा प्रयोग होता.

फार्स मूळ लंडनचा. दीडशे वर्षांपूर्वी इथल्या गोऱ्या अधिकाऱ्यांनी आपल्या क्लबात केलेला. नोकर चुकून मालकाला कपाटात कोंडतो आणि शेवटी पाया पडून क्षमा मागतो, एवढीच गोष्ट. कचेरीतल्या एका कारकुनाने तो मराठीत आणला, पण शेवट स्वतःचा लिहिला. कपाट उघडताना नोकर जे बोलला, त्यामुळे दुसरा प्रयोग होऊ दिला गेला नाही. तो कारकून म्हणजे लवूंचा पणजोबा. पुढे तो क्वचितच झाला, शेवटचा दमयंतीच्या जन्माआधी; ते वाक्य आता फक्त लवूंना माहीत होतं.

लवूंनी साठ वर्षं प्रॉम्प्टिंग केलं. घराण्याचा नियम त्यांनी कधी मोडला नाही: शेवटचं पान तालमीत वाचायचं नाही, प्रयोगाच्या दिवशी नारळ फोडल्यावरच नटाच्या हातात द्यायचं.

गुरुवारी मात्र त्यांनी फार्सच्या वहीतलं ते सुटं पान मुलीपुढे धरलं होतं. “घे गो, झेरॉक्स काढून ठेव. माझा काय भरवसा नाय.”

“काहीतरीच काय, अण्णा! शनिवारीच द्या,” असं म्हणून तिने ते परत केलं होतं.

पाच वाजता तिने खाटेशी वाकून विचारलं, “अण्णा, पान कुठाय? ट्रंकेत? देवघरात?” त्यांनी डावा हात उचलला, छातीपर्यंत नेला. हात खाली पडला. डोळ्यांतून पाणी आलं. नर्सने तिला बाहेर काढलं. तिने भावाला, संदेशला, पूर्णगडला पाठवलं.

सव्वासहाला रंगपटात नोकराचं काम करणारा काशीराम म्हणाला, “ताई, क्षमा मागून टाकतो. कोणाला कळतंय?”

“क्षमाच मागायची होती तर त्या कारकुनाने शेवट बदलला कशाला?”

“मग तिथे उभा राहून काय भजन म्हणू?”

साहेब झालेला गुरुप्रसाद कोटाची बटणं लावत होता. “काय ते ठरवा बुवा. अर्धा तास कपाटात मला बसायचंय. आत पंखा नाय.”

नारळ फुटला. काशीरामचा हात रिकामाच राहिला. पडदा उघडला, पहिल्या मिनिटाला हशा आला.

सात वाजून दोन मिनिटांनी संदेशचा फोन आला. “वही मिळाली. पान नाही. ताई, अण्णांच्या सदऱ्याच्या खिशात तर नसेल?”

तिला छातीवरचा हात आठवला. तिने रुग्णालयात फोन लावला. नर्सने सांगितलं, कपडे सोबत आलेल्या शेजारणीकडे, सोनूबाईंकडे दिले होते. त्या पाचच्या एसटीने घरी गेल्या. जाताना म्हणाल्या होत्या, सदरा खराब झालाय, धुऊन सकाळी आणते.

“धाव,” दमयंती संदेशला म्हणाली. “बादलीत घालायच्या आधी.”

मग तिने स्वतः सोनूबाईंना फोन लावला. रिंग वाजत राहिली. विंगेतून काशीराम दिसत होता. बोलता बोलता तो तिच्याकडे बघत होता.

सात वाजून चौदा मिनिटांनी त्याने कपाटाच्या कडीला हात घातला. सोनूबाईंनी फोन उचलला नव्हता.