बोका खाली बघतो

कारखान्याच्या फाटकावर झडतीचं काम करण्यात ज्याचा जन्म गेला, त्या माणसाला सगळे कामगार ‘एक्सरे’ म्हणायचे. अर्थात पाठीमागे, तोंडावर म्हणायची कुणाची छाती होती? पाळी सुटली की हा फाटकात उभा राहायचा आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांत रोखून बघायचा. ज्यानं नजर खाली वळवली, त्याची पिशवी उघडली गेलीच म्हणून समजा. तांब्याच्या तारा, पितळेचे नळ, एकदा तर जेवणाच्या डब्यातून आख्खं बेअरिंग निघालं. “चोराच्या मनात चांदणं,” तो मिशीत हसून म्हणायचा. आता फाटकावरचं काम माणसानं फाटकावरच ठेवावं की नाही? यानं ते रोज घरी आणलं.

निवृत्त झाला, आणि गेल्या थंडीत बायको गेली. घरात उरले दोघं, तो आणि तिचा कुत्रा. कुत्र्याचं नाव बोका. पिल्लू असताना दिवसभर लोळत पडायचा, म्हणून तिनंच हौसेनं ठेवलेलं. संध्याकाळी ती स्वयंपाकघरातल्या खुर्चीत टेकली की बोका समोर येऊन बसायचा आणि तिच्या तोंडाकडे बघत राहायचा. तीही त्याच्याकडे बघायची. शब्द नाही, हाक नाही, नुसतं बघणं. “काय गुलुगुलु चाललंय दोघांचं?” हा दारातून विचारायचा, की दोघंही चटकन दुसरीकडे बघायची. त्याला वाटायचं, कुठेतरी पाणी मुरतंय.

आता ती नव्हती आणि घर खायला उठत होतं. एवढ्या मोठ्या जगात त्याला एकच गोष्ट हवी होती. या मुक्या जनावरानं तिच्याकडे बघायचं तसं एकदा तरी आपल्याकडे बघावं. म्हणून तो रोज तिच्या खुर्चीत बसायचा, वाडगं पुढे ठेवायचा आणि म्हणायचा, “बोका, इकडे बघ.” बोका मान वळवायचा. “इकडे बघ म्हणतो ना!” तो हनुवटी धरून तोंड वर करायचा. मग बोका ओठ चाटायचा, भिंतीकडे बघायचा, मोठी जांभई द्यायचा. वर जांभई! याचं डोकंच फिरायचं. वाडगं तसंच राहायचं.

मुलगी भेटायला आली, तिनं बोक्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि तिचं तोंड उतरलं.

“बाबा, रविवारी मी ह्याला घरी घेऊन जाते. हाडं लागतात हो हाताला.”

“मी काय उपाशी ठेवतो होय ह्याला?”

“तसं नाही म्हणत मी.”

“ह्यानं काहीतरी केलंय. बघ ना, नजरेला नजर देत नाही.”

“काय करणार तो? कुत्रा आहे, बाबा.” ती मोरीकडे तोंड करून कप विसळू लागली. “तुम्ही असं रोखून बघता, त्याला वाटतं आता हा मारणार. मान वळवतो, जांभया देतो, ते तुम्हाला सांगत असतो, की माझं काही भांडण नाही, मला सोडा. आईचं बघणं वेगळं होतं. पापण्या मिटत मिटत बघायची ती. त्याची भीतीच जायची.”

“मग हे मला आधी कुणी सांगितलं का नाही?”

“कसं सांगणार? आम्हीसुद्धा...” तिनं नळ मोठा सोडला. कप केव्हाच स्वच्छ झाला होता.

ती गेल्यावर तो बराच वेळ खुर्चीत बसून राहिला. फार मागची गोष्ट, बायकोनं असंच बोलता बोलता खाली बघितलं होतं, आणि यानं तिचं कपाट रिकामं केलं होतं. निघालं काय, तर लोकरीचे गुंडे आणि मुलीचं लहानपणचं टोपरं. “मग खाली का बघत होतीस?” यानं दरडावून विचारलं होतं. ती गुपचूप लोकर गोळा करत राहिली. तेव्हा त्याला वाटलं होतं, चोरी पकडली गेली नाही एवढंच. आज त्याला खरं काय ते कळलं. बिचारी इतकी वर्षं घाबरत होती, आणि हा लेकाचा झडती घेत होता.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं वाडगं बाजूला ठेवलं आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून बसला. शिक्षा झालेल्या पोरासारखा. बोका आला. वाडग्यात जिभेचा आवाज ऐकू आला. म्हाताऱ्यानं मान हलवली नाही. असं रोज चाललं, बोका रोज जरा जवळ यायला लागला, आणि यानं आनंदानं मुलीला फोनही केला. शनिवारी दुपारी खाणं झाल्यावर बोक्यानं हनुवटी त्याच्या पावलावर टेकली. केवढं ऊबदार होतं ते! म्हाताऱ्याला भरून आलं. एकदाच, फक्त एकदाच, असं म्हणत त्यानं खाली बघितलं.

मायेनंच बघितलं हो त्यानं. पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. बोक्याचे कान मागे गेले, शेपूट पायांत गेलं, आणि तो सरकत सरकत पलंगाखाली जाऊन बसला.

रविवारी मुलगी आली तेव्हा दाराशी पिशवी तयार होती. तिच्यात वाडगं, जुनी चादर. तो उकिडवा बसून बोक्याच्या गळ्यात पट्टा अडकवत होता.

“अहो बाबा, खायला लागलाय म्हणालात ना? राहू दे की मग. तुम्हालाही सोबत होईल.”

“नको. माझ्याजवळ राहिला तर भीतभीतच मरेल,” तो म्हणाला. “तुझी आईपण...”

बक्कल लागलं होतं, तरी तो बक्कलाकडेच बघत राहिला. मग त्याला जाणवलं की मुलगी हललेलीच नाही, उभी राहून त्याच्या तोंडाकडे बघते आहे. लहानपणापासून तिनं असं कधी बघितलं नव्हतं. वर बघावं म्हणून त्याचा जीव तुटत होता. पण वर बघितलं की ती खाली बघणार, हे त्याला आता कळत होतं.

“बाबा,” ती हळूच म्हणाली.

“पट्टा एक भोक सैल ठेव,” तो बक्कलाला म्हणाला. “घट्ट झाला की खाकरतो तो.”