करंगळीच्या टोकाशी

भाताच्या रोपांच्या जागेवर फांद्या-पाला जाळून राब भाजायच्या दिवशी वैशाखऱ्याच्या जयरामची डावी करंगळी निखाऱ्यावर टेकली आणि त्याला कळलंच नाही. वास आला तो त्याच्या बायकोला, सावळीला.

“आवो, हात! हात जळतोय तुमचा!”

“कुठं गो?” म्हणत तो भलतीकडेच बघत राहिला.

मित्रांनो, मी त्याच करंगळीच्या टोकाशी राहणारी एक जुनी पेशी आहे. जयराम लहान होता तेव्हा मेंदूकडे निरोप नेणारा एक बारीक धागा माझ्या वाट्याला आला. मी खास प्रथिनं बनवली आणि त्यांचं वेष्टण त्या धाग्याभोवती गुंडाळलं. निरोप झपाट्याने जाऊ लागले. पन्नास वर्षं मला दुसरं काम नव्हतं.

मग माघात, राबासाठी ऐनाच्या फांद्या तोडताना, कोयता निसटून मनगटावर बसला. जयरामने दगडी पाल्याचा रस पिळला, फडकं बांधलं. पंधरा दिवसांत कातडी जुळली. बोटं बधिर होती, पण जखम भरली म्हणजे हात बरा झाला, असंच त्याने धरलं.

आत निरोपाच्या धाग्यांची नस तुटलेलीच होती. माझा धागा मेला. वेष्टणाची प्रथिनं बनवणं मी थांबवलं, जुनं वेष्टण मोडून टाकलं आणि वेगळी प्रथिनं बनवू लागले. नव्या धाग्याला बोलावणारी, पोसणारी. पण हे मला फार दिवस जमत नाही. धागा वेळेत आला नाही, तर ही प्रथिनं आटत जातात. तीन महिने असेच गेले होते.

राबात करंगळी भाजल्यावर सावळीने त्याला इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी नस शिवली.

“नसेतला धागा दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो. टोकापर्यंत यायला दिवाळी उजाडेल. आला तर. फार उशीर केलात.”

सावळी रोज संध्याकाळी करंगळीला चिमटा काढी.

“कळलं?”

“नाय.”

“मग बरंय. हवे तेवढे काढते.”

भाद्रपदात धागा तळहात ओलांडत होता, तेव्हा सावळीला ताप भरला. पाचव्या दिवशी ती गेली. चिमटे थांबले. जयराम त्या हाताकडे बघेनासा झाला. माझ्या शेजारच्या कितीतरी पेशी थकल्या, काही मेल्या. माझीही प्रथिनं आटत आली होती.

कापणीच्या दिवसांत एक बारीक धागा मला येऊन भिडला. दोन दिवसांनी भाताचं कुसळ करंगळीत रुतलं आणि जयरामने हात झटकला.

“सावळे, कळलं गो!” तो घराकडे तोंड करून ओरडला. मग बांधावर बसून राहिला.

मित्रांनो, कातडी जुळली म्हणजे जखम बरी झाली, असं धरू नका. बोट बधिर वाटलं तर त्याच दिवशी दाखवा.

मी पुन्हा वेष्टणाची प्रथिनं बनवायला घेतली आहेत. दोनच वेढे झाले आहेत. बाकीचे गुंडाळायचे राहिले आहेत.